वाईनमधला विंडोज प्रोग्रॅम लिनक्सच्या मेनूत नीट कसा बसवायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर लिनक्स घातलं. हिशेबाचा जुना विंडोज प्रोग्रॅम वाईनमधून (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या साधनातून) बसवला आणि इन्स्टॉलर कुरकुर न करता पूर्ण झाला. पण मेनूत प्रोग्रॅमचं नाव नाही. डेस्कटॉपवर एलएनके शेपटीची फाईल पडली आहे, तिच्यावर क्लिक केलं की ‘ही कशात उघडू?’ असं विचारलं जातं. शेवटी ईएक्सई फाईलचा पत्ता देऊन मेनूत हातानं नोंद केली, तर प्रोग्रॅम उघडतो, पण लगेच ‘फाईल सापडत नाही’ म्हणून बंद पडतो. काय चुकतंय?

मी गेली बरीच वर्षं छोटी कार्यालयं आणि छापखान्यांत लिनक्स बसवून देते. अगदी हीच तक्रार मी इतक्यांदा सोडवली आहे, की सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवते. फाईलींची आणि आज्ञांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टाईप करताना ती अर्थातच रोमनमध्ये करायची.

आधी शॉर्टकट म्हणजे काय ते बघू, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. एलएनके फाईल ही नुसती ईएक्सईकडे बोट दाखवणारी पाटी आहे असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती एक छोटी नोंदवही आहे. सुरुवातीला ७६ बाईटचं ठरावीक शीर्षक असतं. (फाईल टेक्स्ट एडिटरात उघडलीत तर पहिलंच अक्षर रोमन ‘एल’ दिसेल, कारण शीर्षकाची लांबी सांगणारा तो आकडा योगायोगानं त्या अक्षराचाच संकेतांक आहे.) त्यापुढे प्रोग्रॅमचा पत्ता, त्याला द्यायचे जादा पर्याय, कोणत्या फोल्डरात उभं राहून सुरू करायचं ते, चिन्ह कोणत्या फाईलमधलं कितवं घ्यायचं ते, खिडकी मोठी उघडायची की लहान, असं सगळं नोंदलेलं असतं. हा मजकूर विंडोजला आणि वाईनला वाचता येतो, लिनक्सच्या डेस्कटॉपला येत नाही. लिनक्सला लागते ‘डेस्कटॉप’ शेपटीची साधी मजकुराची फाईल, फ्रीडेस्कटॉप या प्रकल्पानं ठरवलेल्या नमुन्याची. केडीई असो, ग्नोम असो, एक्सएफसीई असो की सिनॅमन, लिनक्सचे हे सगळे डेस्कटॉप तोच नमुना वाचतात.

या दोन नोंदवह्यांमधला दुभाषी वाईनमध्येच असतो. त्याचं नाव वाईनमेनूबिल्डर. इन्स्टॉलरनं स्टार्ट मेनूत किंवा डेस्कटॉपवर शॉर्टकट जतन केला, की वाईन या दुभाष्याला हाक मारतं. तो एलएनके वाचतो, ईएक्सईच्या पोटातून चिन्ह काढून पीएनजी बनवतो, ती होम फोल्डरातल्या ‘.लोकल/शेअर/आयकॉन्स’मध्ये ठेवतो आणि डेस्कटॉप फाईल ‘.लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स/वाईन/प्रोग्रॅम्स’मध्ये लिहितो. सुरुवातीचा टिंब विसरू नका. ते फोल्डर लपलेलं असतं, फाईल मॅनेजरात कंट्रोल-एच दाबल्यावर दिसतं.

मग तुमच्याकडे नोंद का झाली नाही? बहुतेक वेळा कारण दोनांपैकी एक असतं.

पहिलं कारण घाईचं. पुष्कळ इन्स्टॉलर शॉर्टकट आधी बनवतात आणि ईएक्सई त्यानंतर कॉपी करतात. ज्या फाईलमधून चिन्ह काढायचं ती अजून जागेवरच नाही. म्हणून वाईनमेनूबिल्डर इन्स्टॉलर संपेपर्यंत थांबून राहतो आणि मग काम करतो. इन्स्टॉलरची शेवटची खिडकी बंद झाल्या झाल्या आपण टर्मिनल बंद केलं किंवा वाईनसर्व्हरला (वाईनच्या पडद्यामागच्या प्रोग्रॅमला) मारलं, की थांबलेला दुभाषीही त्यात जातो. प्रोग्रॅम बसलेला असतो, नोंद मात्र होत नाही. इन्स्टॉलर संपल्यावर मिनिटभर कशाला हात लावू नका, एवढा उपाय पुरतो.

दुसरं कारण, दुभाषी मुळातच बंद असणं. काही डिस्ट्रिब्यूशन, म्हणजे लिनक्सचे वेगवेगळे संच, आपल्या वाईन पॅकेजात तो मुद्दाम बंद ठेवतात. वाईन वापरणारी काही साधनंही तसंच करतात, कारण त्यांना आपल्या नोंदी आपणच लिहायच्या असतात. कुणाची तरी आज्ञा इंटरनेटवरून उतरवून घेतली असेल तर तिच्यात ‘वाईनडीएलएलओव्हरराईड्स’ नावाचं चल (व्हेरिएबल, म्हणजे आज्ञेसोबत नावानं दिलेली किंमत) आणि त्यात वाईनमेनूबिल्डरचं नाव आहे का ते पाहा. असेल तर दुभाष्याला बंद करण्यासाठीच ते तिथे आहे.

दोन्ही बाबतींत शॉर्टकट हरवलेला नसतो. वाईनच्या घरात, म्हणजे ज्याला आपण प्रीफिक्स म्हणतो त्या फोल्डरात, स्टार्ट मेनूच्या जागी तो शाबूत असतो. सर्वांसाठीचा शॉर्टकट ‘ड्राईव्ह सी’मधल्या ‘प्रोग्रॅमडेटा’च्या खाली मिळेल, एकट्या वापरकर्त्याचा ‘युजर्स’च्या खाली. तो शोधायचा आणि दुभाष्याला स्वतः हाक मारायची: टर्मिनलमध्ये वाईन, मग वाईनमेनूबिल्डर डॉट ईएक्सई, मग एलएनकेचा सी कोलनपासून सुरू होणारा विंडोज पत्ता अवतरणात. प्रोग्रॅम वेगळ्या प्रीफिक्समध्ये असेल तर आज्ञेच्या आधी त्या प्रीफिक्सचा पत्ता सांगणारं वाईनप्रीफिक्स चल द्यायला विसरू नका. मेनूत नाव आलं तर काम झालं. केडीईत लगेच दिसलं नाही तर एकदा लॉगआऊट करून परत या.

डेस्कटॉपवरच्या त्या एलएनके फाईलबद्दलही सांगते, कारण लोक तिला व्हायरस समजतात. वाईनच्या प्रीफिक्समधलं ‘डेस्कटॉप’ फोल्डर बहुधा तुमच्या खऱ्या डेस्कटॉपलाच जोडलेलं असतं. इन्स्टॉलर आपल्या समजुतीप्रमाणे विंडोजच्या डेस्कटॉपवर शॉर्टकट ठेवतो, तो तुमच्यासमोर येऊन पडतो. दुभाषी चालू असेल तर शेजारी डेस्कटॉप फाईलही येते आणि एका प्रोग्रॅमची दोन चिन्हं दिसतात. डेस्कटॉपवरचा एलएनके काढून टाकायला माझी हरकत नाही. स्टार्ट मेनूतला मात्र काढू नका. मेनूतली नोंद त्याच्याच आधारानं चालते.

आता तिसरी अडचण, जिच्यात लोक आठ-आठ दिवस अडकतात. ईएक्सईचा पत्ता देऊन नोंद केली, प्रोग्रॅम उघडला आणि फाईल सापडेना.

एका छोट्या कार्यालयातला प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर आहे. पगारपत्रकाचा फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस साधनात लिहिलेला प्रोग्रॅम, माहिती डीबीएफ फाईलींत. टर्मिनलमधून त्या फोल्डरात जाऊन चालवला की उत्तम चाले. मेनूतून चालवला की निळी खिडकी येई, ‘फाईल डझ नॉट एक्झिस्ट’ म्हणे आणि संपे. तिथल्या बाईंची ठाम समजूत झाली होती की लिनक्सनं पगाराची माहिती खाल्ली. महिनाअखेर होती, त्यांचे हात अक्षरशः थरथरत होते. मी फाईल मॅनेजर उघडून त्यांना ते फोल्डर दाखवलं. सगळ्या डीबीएफ जागच्या जागी होत्या, कालच्या तारखेच्या. मग विंडोजमधला जुना शॉर्टकट उघडून त्यातली ‘स्टार्ट इन’ची ओळ दाखवली. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं माहितीचा पूर्ण पत्ता कुठेच दिलेला नव्हता. आपण ज्या फोल्डरात उभे आहोत तिथेच फाईली आहेत, असं तो धरून चालत होता. शॉर्टकट त्याला त्या फोल्डरात उभं करत होता. आमची नवी नोंद त्याला होम फोल्डरात उभं करत होती. डेस्कटॉप फाईलमध्ये ‘पाथ’ नावाची एक ओळ घातली, तिथे त्या फोल्डरचा लिनक्समधला पूर्ण पत्ता दिला, आणि पगार वेळेवर झाले.

म्हणून माझा ठाम सल्ला: नोंद ईएक्सईकडे वळवू नका, एलएनकेकडेच वळवा. वाईनमध्ये ‘स्टार्ट’ नावाची आज्ञा आहे. तिला ‘स्लॅश युनिक्स’ असा पर्याय आणि पुढे एलएनकेचा लिनक्समधला पत्ता दिला, की ती शॉर्टकट वाचते आणि उभं राहायचं फोल्डर, जादा पर्याय, खिडकीची अवस्था, सगळं त्याबरहुकूम करते. इन्स्टॉलर लिहिणाऱ्याला आपल्या प्रोग्रॅमची जी गरज माहीत होती ती त्या नोंदवहीत आहे. ती फेकून देऊन आपण अंदाजानं का लिहायचं? एलएनके खरंच हरवला असेल तरच ईएक्सईकडे जा, आणि तेव्हा ‘पाथ’ची ओळ न चुकता घाला.

हातानं लिहायची फाईल कशी दिसते ते सांगते. पहिली ओळ चौकटी कंसात ‘डेस्कटॉप एन्ट्री’. दुसरी ‘टाईप’ बरोबर ‘ॲप्लिकेशन’. मग ‘नेम’, ‘आयकॉन’, ‘कॅटेगरीज’ आणि सगळ्यांत नाजूक अशी ‘एक्झेक’. प्रत्येक ओळीत डावीकडे नाव, बरोबरचं चिन्ह, उजवीकडे मजकूर. एवढ्यानं भागतं.

‘एक्झेक’ नाजूक अशासाठी, की ती ओळ शेलमधून, म्हणजे टर्मिनलमधल्या आज्ञांचा अर्थ लावणाऱ्या प्रोग्रॅममधून, जात नाही. टर्मिनलमध्ये चालणाऱ्या सवयी इथे चालत नाहीत. होम फोल्डरसाठी वेलांटीसारखं टिल्डचं चिन्ह लिहिलंत तर त्याचा अर्थ लावला जाणार नाही, डॉलर-होमचाही नाही. ‘स्लॅश होम’पासून पूर्ण पत्ता लिहा. वाईनप्रीफिक्स हे चल ओळीच्या सुरुवातीला तसंच लिहून चालत नाही. आधी ‘एन्व्ह’ ही आज्ञा, मग चल आणि त्याची किंमत, मग वाईन. पत्त्यात मोकळी जागा असेल तर तो दुहेरी अवतरणात. टक्क्याचं चिन्ह असेल तर ते दोनदा. आणि विंडोज पत्त्यातली उलटी तिरकी रेघ अवतरणाच्या आत चार वेळा लिहावी लागते, कारण फाईल वाचताना दोन पायऱ्यांवर प्रत्येकी एकदा निम्म्या रेघा गळतात. वाईननं लिहिलेली नोंद उघडली आणि रेघांची रांग दिसली तर ती चूक समजून ‘दुरुस्त’ करू नका. ‘स्लॅश युनिक्स’ची पद्धत मला आवडते त्याचं हेही एक कारण आहे. लिनक्सचा पत्ता दिला की उलट्या रेघांचा प्रश्नच उरत नाही.

लिहून झाल्यावर ‘डेस्कटॉप-फाईल-व्हॅलिडेट’ चालवा. स्पेलिंग चुकलं असेल तर ते सांगतं. नोंद दिसते पण क्लिक केल्यावर काहीच होत नाही, अशा वेळी ‘एक्झेक’च्या उजवीकडचा मजकूर टर्मिनलमध्ये चिकटवून बघा. वाईन काय बोलतंय ते तिथे ऐकू येतं.

प्रीफिक्सबद्दल आणखी बोलायला हवं, कारण मराठी टाईपसेटिंग करणाऱ्यांना त्याचा वेगळाच फटका बसतो. युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवून केलेले आहेत. ते फॉन्ट आपण ज्या प्रीफिक्सच्या ‘विंडोज’खालच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरात टाकतो, त्याच प्रीफिक्समध्ये दिसतात. मेनूतल्या नोंदीत वाईनप्रीफिक्स राहून गेलं की वाईन आपल्या नेहमीच्या ‘.वाईन’ घरात जातं. तिथे तीच ईएक्सई दिलेल्या पत्त्यावरून उघडतेही. पण फॉन्ट तिथे नसतात आणि लग्नपत्रिकेच्या जागी कंस, स्वल्पविराम आणि रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. फाईल बिघडलेली नसते. एका छापखान्यात अशी फाईल तशीच पुन्हा जतन केली गेली आणि फॉन्टची नावं बदलली. पूर्ण पत्रिका परत जुळवावी लागली. चिवडा दिसला तर काहीही जतन न करता बंद करा आणि आधी नोंदीतला प्रीफिक्स तपासा.

नावं मराठीत ठेवायची असतील तर जरूर ठेवा. डेस्कटॉप फाईल युटीएफ-८ मध्ये असते, त्यामुळे ‘नेम’च्या पुढे सरळ ‘पगारपत्रक’ लिहिता येतं. संगणकाची भाषा कुणी इंग्रजी ठेवतं, कुणी मराठी. दोघांची सोय करायची असेल तर ‘नेम’ इंग्रजीत आणि त्याखाली चौकटी कंसात ‘एमआर’ जोडलेली दुसरी ‘नेम’ ओळ मराठीत. मराठी भाषा निवडलेल्याला मराठी नाव दिसेल. ‘कीवर्ड्स’ ही ओळ फारसं कुणी घालत नाही. मी प्रत्येक नोंदीत घालते. तिथे ‘हिशेब’, ‘पगार’ आणि त्यांची रोमन रूपंही लिहून ठेवा, शब्दांमध्ये अर्धविराम द्या. प्रोग्रॅमचं इंग्रजी नाव कुणाच्या लक्षात राहत नाही, पण शोधपट्टीत ‘पगार’ लिहिलं की तो समोर येतो. त्या कार्यालयातल्या बाई आता मेनू उघडतच नाहीत, ‘पगार’ लिहून एंटर दाबतात.

नोंद मेनूत कुठल्या कप्प्यात येते हे डेस्कटॉपवर अवलंबून आहे. वाईननं केलेल्या नोंदीत कॅटेगरी नसते. वाईन आपली वेगळी मेनू-फाईल जोडतं आणि केडीई, एक्सएफसीईसारख्या ठिकाणी ‘वाईन’ नावाचा कप्पा त्यातून तयार होतो. ग्नोममध्ये असे कप्पे नाहीतच, तिथे सगळी चिन्हं एकाच पटलावर येतात. हाताच्या नोंदीत ‘ऑफिस’ किंवा ‘ग्राफिक्स’ अशी कॅटेगरी द्या, म्हणजे प्रोग्रॅम आपल्या भाऊबंदांत जाऊन बसेल.

खालच्या पट्टीवर प्रोग्रॅमचं स्वतःचं चिन्ह न येता वाईनच्या पेल्याचं चिन्ह येतं, किंवा पट्टीवर पक्कं केलेलं चिन्ह एक आणि चालू खिडकीचं दुसरंच, अशी तक्रारही असते. डेस्कटॉपला ही खिडकी कोणत्या नोंदीची हे ओळखता येत नाही, म्हणून हे होतं. ‘स्टार्टअपडब्ल्यूएमक्लास’ नावाच्या ओळीत खिडकीची ओळख दिली की जोडी जमते. ओळख शोधायला टर्मिनलमध्ये ‘एक्सप्रॉप’ चालवा आणि उघड्या खिडकीवर क्लिक करा. ‘डब्ल्यूएम क्लास’समोर जे येईल, बहुधा ईएक्सईचं नावच, ते जसंच्या तसं उतरवा.

आता कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर चार जण वेगवेगळ्या नावांनी लॉगइन करत असतील तर. सर्वांसाठी एकच नोंद ‘यूएसआर’खालच्या ॲप्लिकेशन्स फोल्डरात ठेवायचा मोह होतो. नोंद सगळ्यांना दिसते, पण प्रोग्रॅम फक्त एकाचाच उघडतो. प्रीफिक्स दुसऱ्याच्या मालकीचा असला की वाईन तो वापरायला साफ नकार देतं, आणि ते बरोबर आहे. रजिस्ट्रीत, म्हणजे वाईनच्या सेटिंग्जच्या साठ्यात, दोघांनी एकदम लिहिलं तर तिचं वाटोळं होईल. परवानग्या सैल करून यातून वाट काढू नका. प्रत्येकाच्या होममध्ये स्वतंत्र प्रीफिक्स, माहिती मात्र सामाईक फोल्डरात, आणि नोंदीच्या ‘एक्झेक’मध्ये एक छोटी स्क्रिप्ट (आज्ञा लिहिलेली फाईल), जी लॉगइन केलेल्याचं होम पाहून त्याचाच प्रीफिक्स निवडते. स्क्रिप्ट शेलमध्ये चालते, त्यामुळे तिथे डॉलर-होम चालतं.

वाईनमेनूबिल्डर चालू ठेवावा की बंद? घरच्या कॉम्प्युटरवर एकट्यासाठी चालू ठेवा, तो काम चोख करतो. कार्यालयात मी तो बंद करते आणि चार नोंदी हातानं लिहिते. शॉर्टकट पुन्हा जतन झाला की तो आपली फाईल नव्यानं लिहितो आणि त्यात केलेले बदल जातात. दुसरं म्हणजे तो फक्त मेनूवर थांबत नाही. फाईलींच्या शेपट्यांशीही वाईनचे प्रोग्रॅम जोडून देतो. टीएक्सटी फाईलवर क्लिक केलं आणि वाईनचं नोटपॅड उघडलं, ही तक्रार त्यातलीच. तेवढंच थांबवायचं असेल तर ‘वाईनसीएफजी’मध्ये ‘डेस्कटॉप इंटिग्रेशन’ या पानावर फाईल जोडण्यांची चौकट आहे, तिची खूण काढा. आधी झालेल्या जोडण्या ॲप्लिकेशन्स फोल्डरात ‘वाईन-एक्स्टेन्शन’ने सुरू होणाऱ्या फाईलींत सापडतील. त्या काढून मग ‘अपडेट-डेस्कटॉप-डेटाबेस’ चालवा.

प्रोग्रॅम काढायची वेळ आली की क्रम पाळा. लोक सरळ प्रीफिक्सचं फोल्डर उडवतात आणि मेनूत मेलेली नावं राहतात. कारण नोंदी प्रीफिक्सच्या बाहेर आहेत, आणि कोणती नोंद कोणत्या शॉर्टकटची याची यादी प्रीफिक्सच्या रजिस्ट्रीत होती, ती फोल्डराबरोबर गेली. आधी वाईनच्या ‘अनइन्स्टॉलर’नं प्रोग्रॅम काढा. तरी नावं उरली तर स्टार्ट मेनूतले उरलेले एलएनके काढून वाईनमेनूबिल्डरला ‘वजा आर’ हा पर्याय देऊन चालवा. तो आपली यादी तपासतो आणि ज्यांचा शॉर्टकट उरला नाही त्या नोंदी पुसतो. प्रीफिक्स त्यानंतर उडवा. आधीच उडवून बसला असाल तर ॲप्लिकेशन्सखालचं ‘वाईन’ फोल्डर, ‘.कॉन्फिग/मेनूज/ॲप्लिकेशन्स-मर्ज्ड’मधल्या आणि ‘.लोकल/शेअर/डेस्कटॉप-डिरेक्टरीज’मधल्या ‘वाईन’ने सुरू होणाऱ्या फाईली हातानं काढाव्या लागतील. दुसरा एखादा प्रीफिक्स वापरात असेल तर प्रत्येक फाईल उघडून ‘एक्झेक’मधला पत्ता वाचा, मगच काढा.

तुमच्या बाबतीत आज करायचं ते एवढंच: प्रीफिक्समध्ये स्टार्ट मेनूतला एलएनके शोधा, हातानं केलेल्या नोंदीतला ईएक्सईचा पत्ता काढून तिथे ‘स्टार्ट’, ‘स्लॅश युनिक्स’ आणि त्या एलएनकेचा पत्ता घाला, आधी ‘एन्व्ह’ आणि वाईनप्रीफिक्स आहे ना ते पाहा. तरीही फाईल सापडत नसेल तर एलएनकेमधलं सुरुवातीचं फोल्डर आणि माहितीच्या फाईली प्रत्यक्षात आहेत ते फोल्डर एकच आहे का ते जुळवा. जुन्या कॉम्प्युटरवर माहिती ‘डी’ ड्राईव्हवर असेल तर ‘वाईनसीएफजी’च्या ‘ड्राईव्हज’ पानावर ‘डी’ हे अक्षर त्या फोल्डराला जोडून द्यावं लागेल.